पॅड बदललं, हेडफोन बदलला

मुंबई-ठाण्यात आणि कोकणपट्टीत हेडफोन थकल्याची पहिली खूण शर्टाच्या कॉलरवर दिसते. काळे पोपडे. गालावर चिकटलेले, मानेवरच्या घामात अडकलेले, केसांत गुंतलेले. पॅडवरून बोट फिरवलं की रेक्झिनची आणखी एक खपली निघते आणि खालचा स्पंज उघडा पडतो.

यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर उत्तम वाजणारा हेडफोन कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि नवा येतो. नाही तर तीन-चारशे रुपयांत जी मिळतील ती पॅड्स मागवली जातात, ओढूनताणून चढवली जातात, आणि पंधरा दिवसांत निकाल लागतो: याचा बेस गेला, आता हा कामाचा नाही.

पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो. दुसऱ्यात पैसा जातोच, वर चांगल्या यंत्राची बदनामी होते. कपातला आवाज काढणारा ड्रायव्हर धडधाकट, वायर शाबूत, बदललं आहे ते फक्त पॅड. आणि नेमका त्याच्यावर कुणी संशय घेत नाही, कारण पॅड म्हणजे कानाला टोचू नये म्हणून लावलेली गादी, अशीच सगळ्यांची समजूत आहे.

ही समजूत मोडायला हवी. पॅड उशीच्या अभ्र्यासारखं नसतं की फाटला, दुसरा चढवला, झोप तीच. हेडफोनचा आवाज जुळवणारा इंजिनिअर ड्रायव्हर, कप आणि पॅड एकत्र धरून जुळवतो. पॅडची जाडी, त्याचं कापड, आतल्या फोमचा घट्टपणा, मधल्या भोकाचं माप हे सगळं त्या हिशेबात असतं. यातलं एक बदललं की हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि तो मांडायला घरी कुणी बसलेलं नसतं.

आधी बेसचं बघू, कारण तक्रार तिथूनच सुरू होते.

हेडफोन कानावर बसला की ड्रायव्हर आणि कान यांच्यात हवेची एक छोटी बंद पोकळी तयार होते. तिच्या भिंती म्हणजे पॅड. ५० हर्ट्झच्या स्वराची लाट मोकळ्या हवेत जवळपास सात मीटर लांब असते. कपाच्या आत तिला पसरायला जागाच नाही. तिथे फक्त दाब असतो. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की पोकळीतली हवा दाबली जाते, मागे गेला की सैल होते, आणि दाबाचा हा चढउतार कानाला बेस म्हणून ऐकू येतो. पॅडच्या कडेला फट राहिली तर दाब तिथून निसटतो. सगळ्यांत खालचे स्वर आधी जातात. फट मोठी असेल तर गळती आणखी वरच्या स्वरांपर्यंत चढते आणि आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

फट म्हणजे मोठं भगदाड असावं लागत नाही. चष्म्याची काडी पुरते. कानामागे आलेली केसांची बट पुरते. जबड्याच्या कोपऱ्यापाशी, कानाच्या पाळीच्या खाली, गाल आत वळतो तिथे कडक पॅड टेकतच नाही आणि हवा निघून जाते. स्वस्त पॅड्स मार खातात ती इथेच. वरून गुबगुबीत दिसतात, पण आतला फोम इतका ताठ असतो की चेहऱ्याच्या वळणाला वळत नाही.

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणातलं तबलावादन लावा आणि डग्ग्याकडे लक्ष द्या. मग दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानांवर दाबा. दाबताच डग्ग्याचा घुमारा एकदम भरून आला आणि हात काढताच ओसरला, तर हेडफोनचा बेस गेलेला नाही, तो पॅडच्या कडेने बाहेर जातोय. फार जोरात मात्र दाबू नका, फोम चेपून कान ड्रायव्हरजवळ गेला तर दुसराच फरक ऐकू येईल.

आता वरचे स्वर. ८,००० हर्ट्झची लाट जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरची. म्हणजे कपाच्या आतल्या मापाशी मिळतीजुळती. आता दाबाचा हिशेब पुरत नाही. लाटा पॅडच्या आतल्या भिंतीवर आपटतात, परत येतात, कानाच्या पाळीवर आदळतात, एकमेकींत मिसळतात. कुठे भर पडते, कुठे खड्डा पडतो. भिंत गुळगुळीत रेक्झिनची असेल तर लाटा परतवते, मखमलीची असेल तर बऱ्याचशा शोषून घेते. पॅड पाच मिलिमीटरने जाड झालं की कान ड्रायव्हरपासून तेवढाच लांब जातो आणि हे सगळे उंचवटे-खड्डे जागा बदलतात. गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ अचानक टोचायला लागतात, किंवा तानपुऱ्याची जवारी, जी काल लखलखीत होती, ती आज कुणी ओल्या फडक्याखाली झाकल्यासारखी येते.

तानपुरा यासाठी फार चांगला आहे. तो सतत वाजतो, बदलत नाही आणि त्यात वरच्या स्वरांची एवढी गर्दी असते की तिथे काही हललं तर लगेच कळतं. खालच्या अंगासाठी डग्गा, वरच्यासाठी तानपुरा. याहून महागडी साधनं मापनाच्या प्रयोगशाळेत लागतात, घरी लागत नाहीत.

फक्त अंतराने किती फरक पडतो, हे बघायचं असेल तर ग्राडोचे हेडफोन बघावेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ही घरगुती कंपनी, जोसेफ ग्राडो यांनी १९५३ साली सुरू केलेली. त्यांचे हेडफोन उघड्या पाठीचे, आणि पॅड म्हणजे निव्वळ सच्छिद्र फोम. हवा अडवायचा प्रश्नच नाही. तरीही त्या कंपनीच्या चपट्या पॅडवर आणि वाटीच्या आकाराच्या पॅडवर तोच हेडफोन दोन वेगळ्या स्वभावांचा वाटतो. चपटं पॅड कान ड्रायव्हरला भिडवतं: आवाज भरदार, गडद, अंगावर येणारा. वाटीचं पॅड कान मागे ठेवतं: वरचे स्वर मोकळे, धारदार, वाद्यांमध्ये जागा. त्याहून मोठी पॅड्स लावली की जागा आणखी वाढते आणि खालचा भर कमी होतो. ड्रायव्हरला कुणी हातही लावलेला नसतो. ग्राडो वापरणारे म्हणूनच हेडफोनइतकीच पॅडवर चर्चा करतात, आणि ते बरोबर करतात.

आपल्याकडे मात्र उदाहरण द्यावं तर सोनीच्या एमडीआर-७५०६ चं. १९९१ सालापासून बाजारात असलेला, कपांवर निळी पट्टी असलेला, स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या वायरीचा हा बंद हेडफोन जगभरच्या स्टुडिओंत आणि चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रकांच्या डोक्यावर दिसतो. त्याचा थोरला भाऊ एमडीआर-व्ही६ हा १९८५ चा. दोघांची पॅड्स एकमेकांना चालतात, आणि दोघांची दुखणीही तीच: ड्रायव्हर वर्षानुवर्षं टिकतो, पॅड्सचे मात्र पोपडे निघतात. शिवाय मूळ पॅड पातळ. मोठ्या कानाच्या माणसाची पाळी आतल्या जाळीला टेकते आणि तासाभरात कानाचा वरचा काठ ठणकायला लागतो.

म्हणून अनेकजण त्यावर बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीच्या डीटी २५० ची मखमली पॅड्स चढवतात. ती बसतात, कानाला मऊ लागतात, घाम कमी येतो. पण ७५०६ ची ओळखच त्याच्या धारदार ट्रेबलमुळे आहे. ध्वनिमुद्रणातली खरखर, ओठांची चपचप, मागच्या पंख्याची घरघर तो लपवत नाही, म्हणून तर तो कामाला घेतात. मखमलीने ती धार थोडी बोथट होते आणि खालचा भरही जरा उतरतो. गाणी ऐकायला हे अनेकांना आवडेल. ज्याला या हेडफोनवर संवाद तपासायचे आहेत, त्याने मूळ धाटणीचीच पॅड्स लावावीत आणि कान दुखला तर मध्ये थांबावं. कामाच्या माणसाला आधी खात्री हवी, आराम नंतर. हे माझं ठाम मत आहे.

पॅड चढवणं हीसुद्धा जरा कलेची गोष्ट आहे. ७५०६ च्या पॅडला मागे पातळ झालर असते. ती कपाच्या कडेच्या खाचेत सगळीकडून जायला हवी. वरून सुरुवात करावी, एका अंगठ्याने बसलेला भाग धरून ठेवावा आणि दुसऱ्या अंगठ्याने झालर इंच-इंच आत सारत गोल फिरावं. शेवटच्या दोन बोटांवर ती हमखास ताणते. तिथे जोर लावला की शिवण उसवते. एखादं जुनं प्लॅस्टिकचं कार्ड खाचेत घालून झालर त्यावरून सरकवली तर ती निमूट आत जाते. मग पॅड हलकेच फिरवून शिवण खालच्या बाजूला आणायची. ड्रायव्हरसमोरच्या पातळ फोमच्या चकतीला हात लावायचा नाही. ती धूळ अडवते, आणि बऱ्याच हेडफोनांत ट्रेबलला लगामही घालते. कळकट दिसते म्हणून ती काढून फेकणारे लोक आहेत. नंतर तेच म्हणतात की नव्या पॅडने आवाज कर्कश झाला.

आता कापडाविषयी, कारण दुकानात विचारतात ते ‘लेदर की वेल्व्हेट’ एवढंच.

रेक्झिन, मग त्याला प्रोटीन लेदर म्हणा की आणखी काही, हवा अडवतं. बेस टिकतो, बाहेरचा गोंगाट कमी होतो. किंमत घामात चुकवावी लागते. खरं मेंढीचं कातडं मऊ असतं, चेहऱ्याला लवकर वळतं, जास्त टिकतं आणि महाग असतं. मखमल हवा जाऊ देते. कान गार राहतो, बेस पातळ होतो, आणि बंद हेडफोनवर हा फरक जास्त कळतो. आतल्या बाजूला बारीक भोकं पाडलेलं रेक्झिन हा मधला मार्ग: बाहेरून हवा बंद, आतून लाटा थोड्या शोषलेल्या. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहमच्या अवतारात राखाडी मखमलीसह येतो आणि ३२ ओहमच्या अवतारात रेक्झिनसारख्या पॅडसह. एकाच नावाच्या दोन हेडफोनांबद्दल दोन माणसं वेगळं सांगत असतील, तर भांडण्याआधी पॅड बघावीत.

फोमचं वेगळंच. साधा स्पंज दाबला की लगेच उसळतो. मेमरी फोम, जो १९६६ साली नासाच्या कामातून चार्ल्स योस्ट यांनी घडवला, तो अंगाच्या उबेने मऊ होतो. एसीच्या खोलीत हेडफोन नुकताच घातला असेल तर असं पॅड ताठ असतं, आणि पाच-दहा मिनिटांनी चष्म्याच्या काडीभोवती, जबड्याच्या खळग्यात ते वळतं, फट बुजते, बेस भरतो. म्हणून नवी पॅड्स लावून पहिल्याच मिनिटाला निकाल देऊ नये. चष्मेवाल्यांनी तर घेताना मऊ, सावकाश उसळणारं मेमरी फोमच बघावं. पण जाड मेमरी फोम हेडबँडला रुंद ताणतो आणि कपांची पकड वाढते. डोक्यावर चिमटा बसल्यासारखं होतं. जाडी वाढवून आराम मिळतोच असं नाही. काहींना तर त्यानेच डोकेदुखी सुरू होते.

आरामाचा विचार करताना मधल्या भोकाचं माप कुणी बघत नाही, आणि सगळ्यांत जास्त दुखणं तिथूनच येतं. पॅडने कानाभोवती बसायला हवं, कानावर नव्हे. भोक लहान असेल तर पाळीची कूर्चा पॅड आणि कवटी यांच्यात चिरडते. बायकांचं दुखणं आणखी वेगळं, त्याचा विचार तर हेडफोनच्या कुठल्याच जाहिरातीत नसतो: कुडीच्या फिरकीचं मळसूत्र मानेत रुततं, आणि कानाच्या वरच्या काठावर बुगडी असेल तर पॅडचा सगळा भार तिच्यावर. अशांनी उभट, खोल आणि रुंद भोकाचं पॅड शोधावं, कापड नंतर बघावं. दिवसाचे आठ-नऊ तास हेडसेट लावून फोन घेणाऱ्या मुलींना हे आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि त्यांना पॅड निवडू देणारी कार्यालयं मला तरी माहीत नाहीत. कुणाचा हेडसेट कुणाच्या कानावर, तेच घामट पॅड पाळीपाळीने. प्रत्येकाला स्वतःची पॅड्स द्यायला किती खर्च येतो? एका हेडसेटच्या किमतीचा लहानसा तुकडा. हे आज करता येण्यासारखं आहे आणि कुणी करत नाही, याची चीड येते.

गोंगाट बंद करणाऱ्या हेडफोनांचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. त्यांच्यात कपाच्या आतही मायक्रोफोन असतो. आत शिरलेला गोंगाट तो ऐकतो आणि यंत्र त्याच्या उलट लाट सोडून तो मारतं. हा सगळा खेळ आतल्या पोकळीच्या ठरावीक आकारावर आणि ठरावीक गळतीवर बेतलेला. पॅड बदललं, पोकळी बदलली, हिशेब चुकला. मग लोकलच्या डब्याची खालची घरघर पूर्वीसारखी मरत नाही, किंवा चालताना कानात दाबाचे विचित्र ठोके जाणवतात. अशा हेडफोनवर मी मूळ कंपनीचीच पॅड्स लावायला सांगेन, महाग असली तरी. साध्या हेडफोनवर प्रयोग जरूर करा. इथे नको.

मूळ पॅड्स महाग का, हा रास्त प्रश्न आहे. ॲपलने २०२० च्या डिसेंबरात आणलेल्या एअरपॉड्स मॅक्सची पॅड्स चुंबकाने चिकटतात. दोन बोटांनी ओढली की निघाली, जवळ नेली की बसली. ओढाताण नाही, झालर नाही. रचना म्हणून उत्तम. अमेरिकेत जोडीची किंमत ६९ डॉलर. कापड आणि फोमच्या दोन कड्यांना एवढे पैसे मागणं मला पटत नाही. पण सुटी विकतात, हे तरी मान्य करायला हवं. नेदरलँड्सच्या फेअरफोनने २०२३ मध्ये फेअरबड्स एक्सएल नावाचा हेडफोन आणला, त्यात पॅड्सच काय, बॅटरीही घरी बदलता येते. आणि सेनहायझरचा एचडी ६०० बघा. १९९७ चा हेडफोन, आणि त्याची पॅड्स आजही नवी मिळतात. तीच पॅड्स एचडी ६५० लाही बसतात. प्लॅस्टिकच्या कड्यासकट टकटक आवाज करत बसतात, वाकड्या बोटांनाही जमेल असं. या हेडफोनच्या पॅडचा फोम वर्षांनी चेपतो, कान ड्रायव्हरजवळ सरकतो, आणि पूर्वीचा मोकळा, सुटा आवाज दाटीवाटीचा होतो. इतक्या हळू होतो की मालकाला कळत नाही. नवी पॅड्स बसवली की जुना हेडफोन परत मिळतो. हेच जमलं नाही तर तो भंगारात जाईल, आणि वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू भंगारात टाकणं मला गुन्ह्याच्या जवळचं वाटतं.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं आधी घेतली. ठीक आहे, ट्रॅक्टर आधी यायलाच हवा. पण नियम साधा असावा: जो भाग झिजणार हे कंपनीला विकतानाच ठाऊक आहे, तो सुटा, वाजवी भावात, मॉडेल बंद झाल्यावरही काही वर्षं मिळाला पाहिजे. पॅड झिजणारच आहे. तसं लिहून द्यायला काय हरकत आहे? घेणाऱ्यानेही हेडफोन घेतानाच विचारावं: याची पॅड्स सुटी मिळतात का, आणि इथे मिळतात का? पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे विचारणाऱ्याकडे अजून तरी नवलाने बघतात. दहाजणांनी विचारलं की बघायचं थांबतील.

पोपडे का पडतात, तेही सांगायला हवं, म्हणजे पुढचं पॅड जास्त टिकेल. रेक्झिनवरचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा. उष्णता आणि दमट हवा मिळून त्याच्या साखळ्या तोडतात. पाणी रेणूंमध्ये शिरतं आणि जोड उकलतो. यासाठी हेडफोन वापरावाही लागत नाही. डब्यात बंद ठेवलेला, न घातलेला हेडफोनही मुंबईच्या दोन-चार पावसाळ्यांत सुटू शकतो. नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत तोच जास्त तग धरेल. वापरात घाम आणि डोक्याचं तेल भर घालतात. रोज वापरून झालं की किंचित ओलं फडकं फिरवायचं, लगेच कोरड्याने पुसायचं, उघड्यावर ठेवायचं. ठेवणीतल्या हेडफोनच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची. सॅनिटायझरने पुसायचं नाही, अल्कोहोल वरचा थर आणखी लवकर फाडतं.

आणि हे सगळं फक्त हौशी माणसांचं कौतुक नाही. पॅड गळतं तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात: आतला बेस बाहेर जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. माणूस काय करतो? आवाज वाढवतो. लोकलमध्ये, रस्त्यावर, रोज. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला दहाच. फाटक्या पॅडमुळे व्हॉल्यूम सहा डेसिबल वर गेला असेल, तर आठवड्याचे ४० तास दहावर आले. कॉलेजला जाणारं पोर रोज दोन तास ऐकत असेल तर ते आताच पलीकडे आहे. लहान मुलांसाठी मर्यादा त्याहून खाली, ७५ डेसिबल. घरातल्या मुलांचे हेडफोन आज संध्याकाळी हातात घ्या आणि पॅडच्या कडा बघा. फाटलं असेल तर उद्यावर टाकू नका.

इक्वलायझरने भरून निघेल, असं सांगणारे भेटतील. थोडंफार निघतं. पण फटीतून जाणारा बेस वाढवायचा म्हणजे ड्रायव्हरला जास्त पळवायचं, आणि मान हलली, फट बदलली की तोही हिशेब गेला. शिवाय हेडफोनच्या नावावर तयार मिळणाऱ्या इक्वलायझरच्या सेटिंग बहुधा नव्या, मूळ पॅडवर मोजून काढलेल्या असतात. तुमच्या हेडफोनवर तिसऱ्याच कंपनीची मखमल असेल तर त्या सेटिंग दुसऱ्याच हेडफोनच्या आहेत.

मग नेमकं करायचं काय? मूळ पॅड मिळत असेल तर पहिलं तेच. मिळत नसेल तर जाडी, भोकाचं माप आणि कापड मूळच्या जवळचं शोधायचं. मुद्दाम बदल हवा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मखमलही आणि जाडीही आणि भोकाचं मापही एकदम बदललं, तर कशाने काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि नवी पॅड्स आली की दोन्ही एकदम चढवू नका. आधी फक्त डाव्या कपावर नवं लावा, उजवीकडे जुनं राहू द्या. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही कानांत तेच जाईल. तानपुरा लावा. आवाज मधोमध न राहता एका बाजूला झुकला, किंवा एका कानात जवारी चमकली आणि दुसऱ्यात मिटली, तर फरक तुमच्या समोर आहे. मग हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे, आणि पुन्हा ऐका, कारण दोन कान सारखे नसतात. फरक पॅडचा असेल तर तो पॅडबरोबर दुसऱ्या बाजूला जाईल. जुनी पॅड्स अगदीच पोपडे पडलेली, फोमपर्यंत फाटलेली असतील तर ही तुलना निरुपयोगी, कारण ती नव्या दिवसांतला आवाज सांगतच नाहीत. पण नुसती चेपलेली असतील तर किमान आठवडाभर जपून ठेवा. नवी आवडली नाहीत तर परत चढवता येतात.